ब्लॉगसाठी होस्टिंग निवडताना तिसऱ्या वर्षाचे बिल आधी मांडावे

डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा पाककृतींचा मराठी ब्लॉग आहे. एरवी त्यावर दिवसाला दोन-तीनशे वाचक येतात, पण गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी उकडीच्या मोदकांच्या पानावर झुंबड उडते. काही वर्षांपूर्वी नेमक्या त्याच संध्याकाळी, घरोघरी पिठीची उकड काढायची वेळ झालेली असताना, त्या पानावर कृतीऐवजी ‘५०८ : रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ एवढीच ओळ दिसू लागली. होस्टिंग कंपनीने चॅटवर कळवले की प्लॅनमध्ये जागा आणि बँडविड्थ (वाचकांकडे जाणाऱ्या माहितीचे प्रमाण) ‘अनलिमिटेड’ असली तरी एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांवर वीसची मर्यादा आहे, ती वाढवायची असल्यास वरचा प्लॅन घ्यावा. ही मर्यादा अटींच्या पानावर खरोखरच लिहिलेली होती. प्लॅन घेताना ते पान आम्ही दोघींनीही उघडले नव्हते.

त्यानंतर तिच्यासाठी नवे होस्टिंग शोधताना आम्ही जी पद्धत बसवली, तीच पुढे कामाच्या क्रमाने दिली आहे. छोट्या किंवा मध्यम ब्लॉगसाठी ती पुरेशी आहे. दुकान, सभासदत्व किंवा ऑनलाइन शिकवणीची साईट चालवायची असल्यास गरजा वेगळ्या होतात.

पैसे भरण्याची गरज आहे का, हे आधी ठरवावे

होस्टिंग म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या संगणकावरची भाड्याची जागा. ती प्रत्येक ब्लॉगला विकत घ्यावी लागतेच असे नाही. गूगलच्या ब्लॉगरवर होस्टिंग फुकट मिळते, स्वतःचे डोमेन, म्हणजे साईटचा नावाचा पत्ता, जोडता येते आणि सगळे लेखन एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. ज्यांनी अजून दहा लेखही लिहिलेले नाहीत, त्यांनी केवळ डोमेन घ्यावे, ते ब्लॉगरला जोडावे आणि सहा महिने लिहून पाहावे, असेच मी सांगते; कारण बंद पडलेल्या ब्लॉगांपैकी पुष्कळसे ब्लॉग सर्व्हरमुळे नव्हे, तर लेखक थकल्यामुळे बंद पडलेले असतात.

मांडणी, जाहिराती, शोधसुविधा आणि प्लगिन (साईटला जोडायचे छोटे प्रोग्राम) यांवर पूर्ण ताबा हवा असेल, तेव्हा वर्डप्रेस हे ब्लॉग चालवण्याचे सॉफ्टवेअर स्वतःच्या होस्टिंगवर बसवण्याचा विचार करावा. वर्डप्रेस २००३ पासून उपलब्ध असून ते मुक्त स्रोत आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरचे पैसे पडत नाहीत. येथे नवख्यांचा एक घोळ नेहमी होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळणारे सॉफ्टवेअर कोणत्याही होस्टिंगवर बसवता येते, तर वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी तयार सेवा आहे आणि तिच्या फुकट प्लॅनमध्ये जाहिराती त्यांच्या लागतात.

शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो साईट, हे छोट्या ब्लॉगला पुरते. व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा आपल्यापुरता राखून ठेवलेला भाग, महिन्याला पाच-सहा डॉलरपासून मिळतो आणि दिसायला स्वस्तही वाटतो. पण त्यावर सर्व्हरची डागडुजी, सुरक्षेचे अपडेट आणि रात्री दोन वाजता बंद पडलेला डेटाबेस हे सगळे आपल्या गळ्यात येते. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची सवय नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

डोमेन वेगळ्या ठिकाणी आणि स्वतःच्याच नावावर

पहिल्या वर्षी ‘डोमेन फ्री’ हे आमिष टाळावे. डोमेन आणि होस्टिंग एकाच कंपनीकडे असले की तिच्याशी वाजल्यावर दोन्ही अडकतात. डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे (नावे नोंदवणाऱ्या कंपनीकडे) ठेवले, तर नेमसर्व्हर, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते ठरवणारी नोंद, बदलून दोन दिवसांत बिऱ्हाड हलवता येते. डॉट इन किंवा डॉट कॉम नावाला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, तो निराळा धरावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे. आपल्याकडे ब्लॉग बहुधा कोणीतरी ‘करून दिलेला’ असतो: भाच्याने, शेजारच्या मुलाने किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ करणाऱ्या डिझायनरने. खाते त्याच्या ईमेलवर उघडलेले असते. पुढे तो पुण्याला किंवा परदेशी जातो आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या न उघडलेल्या पेटीत पडून राहतात. खाते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडावे आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो.

मुदत संपलेले डॉट कॉम नाव लगेच हातचे जात नाही. रजिस्ट्रारनुसार काही दिवसांपासून ४५ दिवसांपर्यंत ते नेहमीच्या शुल्कात परत घेता येते. त्यानंतरच्या ३० दिवसांत बऱ्याच जास्त शुल्कात सोडवावे लागते आणि शेवटचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही. तेव्हा ऑटो-रिन्यूवर, म्हणजे आपोआप होणाऱ्या नूतनीकरणावर, विसंबून राहू नये. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ई-मँडेट (ग्राहकाची आधी घेतलेली संमती) नोंदवलेला असावा लागतो, आणि ही सोय नसलेल्या परदेशी कंपन्यांची वसुली आपल्या कार्डावर नाकारली जाते. खात्यात ‘ऑटो-रिन्यू चालू’ दिसत असूनही नाव सुटते, ते असे.

डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळते. ते घ्यावे, जुन्या नावाकडे वळवून ठेवावे. पण मुख्य पत्ता म्हणून वापरताना विचार करावा, कारण काही ॲपमध्ये दुवा चिकटवल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटते.

भाव कसा वाचावा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारात हार्ड डिस्कचा भाव विचारला की मुरलेले गिऱ्हाईक लगेच विचारते, ‘बिलासकट की बिलाशिवाय?’ होस्टिंगच्या जाहिरातीतला आकडा जवळजवळ नेहमी बिलाशिवायचा असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी चढतो, तो किती महिने एकदम भरल्यावर लागू होतो हे बारीक अक्षरांत असते, आणि नूतनीकरणाचा भाव तर दुसऱ्याच पानावर असतो.

आकडे काल्पनिक असले तरी मांडणी नेहमी दिसणारी आहे. समजा, पहिली कंपनी ‘१४९ रुपये दरमहा’ म्हणते, पण तो भाव ४८ महिने एकदम भरल्यास आहे. एका वर्षासाठी तिचा भाव महिना २४९ आणि नूतनीकरणाचा ४४९ आहे. दुसरी कंपनी सरळ महिना २५० घेते आणि नूतनीकरणही त्याच भावाने करते. वर्षावर्षाने पैसे भरणाऱ्याला पहिल्या कंपनीचे पहिले वर्ष जीएसटीसह ३,५२६ रुपयांना पडते आणि पुढची दोन वर्षे प्रत्येकी ६,३५८ रुपयांना, म्हणजे तीन वर्षांचे सुमारे १६,२४२ रुपये होतात. दुसरीकडे तीच तीन वर्षे १०,६२० रुपयांत होतात. जाहिरातीत महाग दिसणारी कंपनी साडेपाच हजारांहून अधिक स्वस्त निघते.

हेही मान्य केले पाहिजे की पहिल्याच कंपनीला ४८ महिन्यांचे ८,४३९ रुपये एकदम दिले, तर महिन्याला १७६ रुपयेच पडतात आणि ते दोन्हींपेक्षा स्वस्त आहे. मात्र परताव्याची मुदत बहुधा ३० दिवसांची असते आणि नंतरची ४७ महिन्यांची रक्कम अडकते; सर्व्हर दुसऱ्या वर्षी रखडू लागला तर करायचे काय, हा प्रश्न उरतो. माझे मत असे की अनोळखी कंपनीला पहिल्यांदा एका वर्षाहून अधिक पैसे देऊ नयेत आणि तिसऱ्या वर्षाचे बिल मांडल्याशिवाय कोणाच्याही ‘स्वस्त’ या शब्दाला भुलू नये. डॉलरमध्ये बिल असेल, तर विनिमयदरावर बँक जे मार्कअप लावते तेही हिशेबात धरावे. खरेदीच्या शेवटच्या पानावर सुरक्षा, ईमेल, ‘एसईओ’ (गूगलच्या शोधात वर दिसण्याची सेवा) यांच्या चौकटींत आधीच खुणा केलेल्या असतात, त्या एकेक करून काढाव्यात. त्यांतल्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी (ज्यामुळे साईटची जोडणी सुरक्षित होते) तर पैसे देण्याचे काहीच कारण नाही, कारण लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते फुकट देते आणि बहुतेक चांगले होस्ट ते आपोआप बसवतात.

तुलना करणाऱ्या लेखांवर आणि व्हिडिओंवरही भिस्त ठेवू नये. त्यांतल्या दुव्यावरून कोणी प्लॅन घेतला की लेखकाला कमिशन मिळते. शिवाय वेगवेगळी दिसणारी नावे एकाच घरची असू शकतात: मुंबईच्या डायरेक्टी समूहाने सुरू केलेला बिगरॉक २०१४ मध्ये अमेरिकेच्या एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुपने घेतला, ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर आधीपासूनच त्या समूहाकडे होते, आणि २०२१ मध्ये तो वेब डॉट कॉमशी एकत्र येऊन न्यूफोल्ड डिजिटल झाला. एकाला कंटाळून दुसऱ्याकडे जाताना मालक तोच आहे का, हे पाहून घ्यावे.

‘अनलिमिटेड’च्या आतल्या मर्यादा

बँडविड्थ ही मराठी ब्लॉगची अडचण क्वचितच असते. दीड एमबीचे पान रोज ३०० वेळा उघडले, तरी महिन्याला साडेतेरा जीबीच होतात. खऱ्या मर्यादा तीन आहेत आणि त्या जाहिरातीत नसतात: एका वेळच्या प्रक्रिया, प्रोसेसर-मेमरीचा वाटा आणि इनोड.

इनोड म्हणजे ढोबळमानाने फाइलींची संख्या. वर्डप्रेसवर मोबाइलने काढलेला एक मोठा फोटो चढवला की त्याच्या निरनिराळ्या आकारांच्या सात-आठ प्रती तयार होतात. पाचशे पाककृती, प्रत्येकीत सहा फोटो, प्रत्येकाच्या आठ प्रती असे धरले तर केवळ फोटोंच्या २४,००० फाइली होतात. त्यात वर्डप्रेसच्या स्वतःच्या हजारो फाइली, प्लगिन आणि त्याच खात्यावरचे ईमेल मिळवावे लागतात. लाखाच्या आतली मर्यादा असल्यास फोटोंच्या ब्लॉगने सावध राहावे.

प्रक्रियांची मर्यादा अधिक तापदायक आहे. वाचक पान उघडतो तेव्हा वर्डप्रेस पीएचपी या भाषेतला आपला प्रोग्राम चालवून डेटाबेसमधून ते पान नव्याने रचते. या रचनेला एक सेकंद लागत असेल आणि एका वेळी वीस प्रक्रियांची मुभा असेल, तर सेकंदाला वीस पाने देता येतात. पण प्लगिनांच्या गर्दीमुळे तीन सेकंद लागू लागले, तर सेकंदाला सातही पाने निघत नाहीत आणि उरलेल्यांना ५०८ दिसते. मोदकांच्या पानाचे नेमके हेच झाले होते. कॅशे लावला असता, तर एकदा रचलेले पान सगळ्यांना तसेच दिले गेले असते, पीएचपीची गरज जवळजवळ उरली नसती, आणि त्याच स्वस्त प्लॅनवर ती संध्याकाळ निभावली असती. वरचा प्लॅन घ्या, असे सांगणाऱ्या चॅटवरच्या माणसाने हे सांगितले नाही. म्हणून लाइटस्पीड हे सर्व्हरचे सॉफ्टवेअर वापरणारा होस्ट मी पसंत करते. त्याचे कॅशे प्लगिन फुकट आहे आणि पान पीएचपीपर्यंत जाण्याआधीच सर्व्हर ते देऊन टाकतो.

सर्व्हर कुठे आहे

वाचक महाराष्ट्रात असतील, तर सर्व्हर मुंबईत किंवा निदान भारतात असावा. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्याला १२५ मिलिसेकंद लागतात आणि वळसे धरून प्रत्यक्षात २००च्या आसपास. सुरक्षित पान उघडताना पहिला शब्द येण्याआधी अशा निदान तीन फेऱ्या होतात, म्हणजे सर्व्हरने काही काम करण्याआधीच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ गेलेला असतो. मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत याच तीन फेऱ्या डोळ्याचे पाते लवण्याआधी होतात.

मुंबईत सर्व्हर मिळणे आता अवघड नाही. वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल किनाऱ्यावर येतात, ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत, आणि ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ पासून चालू आहे. प्लॅन घेताना ‘डेटा सेंटर’ या खान्यात ‘भारत’ निवडता येते का, हे पाहावे. कित्येकदा तेथे अमेरिका आधीच निवडलेली असते. खात्री करायची असल्यास घरच्या फायबर जोडणीवरून सर्व्हरच्या आयपी पत्त्याला (त्याच्या अंकी पत्त्याला) पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजावे. दहा-वीस मिलिसेकंद आले तर सर्व्हर जवळ आहे, दोनशे आले तर तो मुंबईत नाही. मध्ये क्लाउडफ्लेअरसारखी सीडीएन सेवा (पानांच्या प्रती वाचकाजवळच्या केंद्रांतून देणारी) असेल, तर उत्तर तिच्या जवळच्या केंद्रातून येते आणि चाचणी फसते.

९९.९ टक्क्यांचा अर्थ

‘९९.९ टक्के अपटाइम’ म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटे साईट बंद राहिली तरी वचन पाळले असे धरले जाते. ९९ टक्के असेल तर सात तास बारा मिनिटे. हमी मोडल्यास भरपाई काय मिळते, तेही वाचावे. ती महिन्याच्या शुल्काच्या पाच टक्के असेल, तर १४९ रुपयांच्या प्लॅनवर साडेसात रुपये हाती येतात, आणि त्यात कटिंग चहाही येत नाही. हमीपेक्षा स्वतःची नोंद बरी: दर पाच मिनिटांनी साईट तपासून ईमेल पाठवणाऱ्या फुकट सेवा आहेत, त्यांतली एक पहिल्याच दिवशी लावावी.

बॅकअपच्या बाबतीत मात्र मी कोणावरही विश्वास ठेवत नाही. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते अशा ग्राहकांनी दोन्ही गमावले. होस्टला तीन गोष्टी विचाराव्यात: बॅकअप रोज होतो का, किती दिवसांचा ठेवला जातो, आणि परत आणण्याचे पैसे पडतात का. उत्तरे कितीही चांगली असली, तरी अपड्राफ्टप्लससारख्या प्लगिनने आठवड्यातून एकदा एक प्रत स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर टाकावी आणि महिन्यातून एकदा घरच्या हार्ड डिस्कवर उतरवावी.

पहिले तीस दिवस ही परीक्षा समजावी

पैसे भरल्यावर सजावटीला लागू नये. परताव्याची मुदत चालू आहे तोवर स्वतःचे दहा-पंधरा खरे लेख फोटोंसह चढवावेत. क्रोममध्ये एफ१२ दाबून नेटवर्क या भागात पानाच्या पहिल्या ओळीवर क्लिक करून ‘टायमिंग’ उघडले की सर्व्हरच्या उत्तराची वाट किती पाहावी लागली, ते दिसते. हा आकडा ८०० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे गूगलचे मार्गदर्शन आहे. तो एकदाच पाहू नये. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास आठवडाभर टिपून ठेवावा, कारण शेअर्ड सर्व्हरवर शेजाऱ्यांची गर्दी रात्रीच कळते. एकदा लोकलमध्ये दादर ते ठाणे मोबाइलवरही पाने उघडून पाहावीत. आपला वाचक ती तेथेच वाचतो.

रात्री अकरा वाजता सपोर्टला एक नेमका प्रश्न विचारावा: ‘माझ्या प्लॅनवर पीएचपीची कोणती आवृत्ती आहे, मेमरीची मर्यादा किती आणि इनोड किती?’ आकडे मिळाले तर उत्तम. दुव्यांची यादी आली किंवा लगेच वरच्या प्लॅनचे गुणगान सुरू झाले, तर पुढच्या अडचणीतही तेच होणार, असे समजावे. ओळखपत्र मागितले तर बिचकू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा सेंटर आणि व्हीपीएस पुरवणाऱ्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती ठेवणे बंधनकारक आहे.

एक परीक्षा खास मराठीची आहे. जुना ब्लॉग हलवून आणला असेल, तर अक्षरे तपासावीत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि इमोजी ४, म्हणून डेटाबेस ‘यूटीएफ-८ एमबी-४’ या प्रकारचा असावा. हलवताना हा अक्षरसंच चुकला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हे उमटतात; ही चूक बहुधा दुरुस्त होते. नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर मूळ अक्षरे त्या प्रतीतून गेलेली असतात आणि जुन्या प्रतीकडेच वळावे लागते. लेखाच्या दुव्याचेही तसेच: वर्डप्रेस दुव्यासाठी २०० अक्षरांची जागा ठेवते आणि देवनागरीचे एक चिन्ह संकेतात ९ अक्षरे खाते, म्हणून काना-मात्रा धरून बाविसाव्या चिन्हानंतर मराठी दुवा मध्येच तुटतो. दुवे आखूड ठेवावेत आणि एकदा ठरवले की बदलू नयेत.

निघण्याची वेळ आली तर

नूतनीकरणाच्या दीड महिना आधी कॅलेंडरवर खूण असावी. भाव वाढवून आला असेल, तर आधी सपोर्टला ‘जायचे आहे’ असे कळवावे. पुष्कळदा सवलत तेव्हाच निघते. निघायचेच ठरले, तर एक दिवस आधी डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र साठवून ठेवण्याचा अवधी, पाच मिनिटांवर आणावा, नव्या जागी पूर्ण प्रत बसवावी, स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी लिहून ती नीट चालते आहे याची खात्री करावी, आणि मगच डोमेन तिकडे वळवावे. जुने खाते पंधरा दिवस तसेच ठेवावे. या पंधरवड्यात संपर्काचा फॉर्म भरून ईमेल पोहोचतो का तेही पाहावे, कारण नव्या सर्व्हरवर सर्वांत आधी बिघडते ते हेच.

हे काम वाचक कमी असतील अशा दिवसांत करावे. मैत्रिणीने आपल्या ब्लॉगचे आकडे काढले, तेव्हा गणपती गेल्यानंतरचा पंधरवडा सर्वांत ओस निघाला, म्हणजे नेमका पितृपक्ष. या दिवसांत नवे काही सुरू करू नये, असे तिच्या आईने बजावले. ‘नवे कुठे, जुनेच हलवते आहे,’ म्हणून तिने सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी नेमसर्व्हर बदलले, आणि घटस्थापनेला उपवासाच्या थालीपिठाचे पान नव्या सर्व्हरवरून उघडले.